तळ्याला ओहोटी नसते

मालन मोबाइल डोक्यावर उंच धरून वाळवंटात चालत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बिचारी रेंज शोधते आहे. तसं नव्हतं. रेंज नाही ना, याची ती खात्री करत होती. कोपऱ्यात एखादी दांडी उमटली की ती दचकून मागे वळायची, आणि दांडी गेली की समाधानानं पुढे चालू लागायची.

जानेवारीतला शुक्रवार होता. कुवेतमधली मुतलाची टेकडी ओलांडून बरंच आत, जिथे डांबरी रस्त्याची आठवणसुद्धा राहत नाही, तिथे मुस्तफाभाईंनी दरवर्षीप्रमाणे तंबू ठोकले होते. रत्नागिरीचे मुस्तफाभाई आणि त्यांच्या फखरुन्निसाभाभी शहरातल्या रिग्गई भागात मालनच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मालन आयसीयूत नर्स. "त्या मशिनींची टिकटिक ऐकून तुझे कान किटले असतील गो, चल गप," असं म्हणून भाभींनी तिला गाडीत कोंबली होती. मालनही चटकन बसली. कारण त्या दिवशी केजहून तिच्या दादाचा, नंदकुमारचा, फोन येणार होता.

दादाला एका स्थळाचं उत्तर हवं होतं. मुलगा पुण्याचा, इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, वागायला शांत, फोटोत तरी केस शाबूत. दादा प्रत्येक फोनमध्ये एकच विचारायचा, "नाही म्हणायला काही कारण हाय का?" आणि मालनला कारण सापडत नसे. ती सरळ बाई होती. उगाच नाही म्हणणं तिला जमायचं नाही, आणि हो म्हणताना जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून ती रेंज नसलेल्या देशात फिरत होती.

फिरता फिरता पाणी दिसलं. आदल्या आठवड्यात चांगला पाऊस पडून गेला होता. वाळवंटातल्या खोलगट जागी असं पाणी साठतं, त्याला इथे खबरा म्हणतात. या खबऱ्याला तर कुणीतरी एका अंगानं मातीचा बांधही घातला होता, त्यामुळे चांगलं तळंच झालं होतं. बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला पाणी साठलेलं दिसलं की ते काठाशी जाऊन उभं राहतंच. मालनही राहिली.

आणि तेवढ्यात बांधावरून एक बग्गी उडी मारून खाली आली.

बग्गी म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची गाडी. हिवाळ्यात अर्धं कुवेत तिच्यावर बसून वाळूत धूळ उडवत असतं. या बग्गीवरच्या हेल्मेटवाल्याला खाली बाई उभी असेल अशी अजिबात कल्पना नव्हती. त्यानं हँडल जोरात वळवलं, बग्गी मालनच्या ओढणीला वारा घालून गेली, सरळ पाण्यात घुसली, दोनदा ठसकली आणि चिखलात बसली. थोडे बुडबुडे आले. मग शांतता.

मालन हाक मारायला तोंड उघडणार होती. पण बग्गीवरच्या माणसाला काही घाई दिसेना. त्यानं हेल्मेट काढलं, गॉगल कपाळावर सरकवला, पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि स्वच्छ मराठीत स्वतःशीच म्हणाला,

"काही नाही. ओहोटी लागली की निघेल."

"हो का?" मालन म्हणाली.

तो गर्रकन वळला. "तुम्ही मराठी?"

"मी मराठी. पण तळं अरबी आहे. त्याला ओहोटी नसते."

तो जरा विचारात पडला. मग पाण्यात उतरून, गुडघाभर चिखल तुडवत काठावर आला आणि बूट काढून त्यातलं पाणी ओतू लागला.

"कोकणातले ना तुम्ही?"

"पालशेत. गुहागरजवळ. कसं ओळखलंत?"

"अंदाज."

"हे बघा, पाणी म्हटलं की ते खाली जातंच. थोडा वेळ द्यावा लागतो."

"किती?"

"सहा तास."

हे त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं की मालन चक्क शेजारच्या दगडावर बसली. "थांबते मग. मी कधी ओहोटी बघितलेली नाही."

हे मात्र खरं होतं.

त्याचं नाव अनिकेत. मंगफला राहायचा, तेलाच्या टाक्यांच्या कामावर टेक्निशियन होता. बरोबरचे बग्गीवाले मित्र केव्हाच पुढे निघून गेले होते.

"तुम्ही मागे राहिलात हे त्यांच्या लक्षात नाही आलं?"

"येईल. जेवायच्या वेळी येईल. भात मी आणलाय." त्यानं दुसरा बूट उलटा केला. "तुम्ही काय करता?"

"नर्स."

"वा. मग, सिस्टर—"

"सिस्टर हॉस्पिटलात. इथं मालन."

"मालन," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, पुन्हा एकदा हळूच म्हणाला, "मालन... बरं."

वारा गार होता. पाण्यावर बारीक लाटा उठून काठाला लागत होत्या, अगदी समुद्राची नक्कल केल्यासारख्या. मालननं सांगितलं, "आमच्याकडंही तळ्याला ओहोटी लागते. एकदाच. फेब्रुवारीत लागते ती जूनपर्यंत."

तो मोठ्यानं हसला. "मग बसू की जूनपर्यंत." आणि पुढच्याच क्षणी त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... बग्गी. बग्गी बसेल. आपण कशाला..."

बराच वेळ गेला. पाणी होतं तिथेच होतं. शेवटी मुस्तफाभाईच जीप घेऊन मालनला शोधत आले.

"हा कोण? आणि बग्गी पाण्यात काय करते?"

"ओहोटीची वाट बघतायत," मालन गंभीरपणे म्हणाली.

तिला वाटलं, भाई हसतील. पण भाई रत्नागिरीचे. त्यांनी कंबरेवर हात ठेवले, आभाळाकडे तोंड केलं आणि विचारलं, "आज चांद कितवा?"

"नववा असेल," अनिकेत म्हणाला.

"मग उशिरा लागेल."

दोन जाणती माणसं मान डोलवत वाळवंटातल्या डबक्याकडे बघत उभी होती, आणि त्यांच्यामागे मालन ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. मुस्तफाभाईंना आपण काय बोललो ते जीपच्या मागचा दोर सोडताना कळलं. "बायकोला सांगू नकोस," ते म्हणाले. मालननं सांगितलं. भाभींनी साऱ्या रिग्गईला सांगितलं.

त्या दिवसापासून अनिकेतचं नाव ओहोटीवाला पडलं.

पुढच्या शुक्रवारी ओहोटीवाला आभार मानायला आला. आभार मानून झाले तरी संध्याकाळपर्यंत बसला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी म्हणाला, रस्ता चुकलो. मंगफ देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून इथे यायचं तर अख्खं कुवेत चुकावं लागतं. भाभींनी काही न बोलता त्याच्यापुढे घावन ठेवले, आणि मालनकडे असं पाहिलं की मालन उगाचच कांदा चिरायला बसली.

"कांदा कशाला गो? घावनांबरोबर?"

"असू दे..."

त्यानंतर अनिकेतनं कारण देणं सोडून दिलं. तो सरळ यायचा.

मालनला बग्गी शिकवायची टूम त्याचीच. उजव्या हँडलजवळ एक चपटी पट्टी असते. ती अंगठ्यानं दाबली की बग्गी पळते. मालन पट्टी दाबायची, बग्गी उसळायची, आणि मालन लगेच ब्रेक मारायची. की चाकं वाळूत.

"वाळूत ब्रेक मारायचा नसतो," अनिकेत फावड्यानं वाळू उपसत सांगायचा. "वेग सोडला की गाडी बसते."

"मला ब्रेक मारायची सवय आहे."

"दिसतंय. परत बसा. उताराला मागे झुका. चाकाकडे बघू नका, जायचं असेल तिकडे बघा."

"बघते. पण तुम्ही बाजूला व्हा की, मला समोरचं दिसेना."

"मी समोरच उभा आहे."

"तेच म्हणते..."

बग्गी आपली नुसती धडधडत राहिली.

दुपारी मालन डबा उघडायची. धपाटे, दही, आणि केजच्या पद्धतीचा ठेचा. कोकणातल्या माणसानं तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तिखट लागलं?"

"छे. वारा... डोळ्यात वारा गेला."

"वारा तर पडलाय."

"म्हणूनच," तो नाक पुसत म्हणाला, आणि आणखी ठेचा घेतला.

इकडे तळं आटत चाललं होतं. काठची माती भेगाळून तिचे पापुद्रे उलटायला लागले. तिकडे दादाचा सूर चढत होता. पुण्याची माणसं किती दिवस थांबणार? नाही म्हणायला काही कारण हाय का? मालन हल्ली या प्रश्नावर "कळवते" म्हणून फोन ठेवायची. तिला एक कारण दिसत होतं. ते दर शुक्रवारी मंगफहून यायचं, ठेचा खाऊन रडायचं, जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं, आणि नेमकं बोलायच्या जागी आलं की बूट काढून झटकत बसायचं.

"तोंड उघडायचं कुणी?" भाभींनी एकदा भांडी घासता घासता विचारलं. "तू की तो?"

"मी कशी उघडू भाभी? त्याच्या मनात नसलं तर?"

"मनात नसताना कोण पेट्रोल जाळत येतो गो इतक्या लांब? तुझ्या ठेच्यासाठी?"

"आवडतो त्याला ठेचा."

"मग जा पुण्याला," भाभी म्हणाल्या आणि पातेलं पालथं घातलं.

रमजान आठवड्यावर आला तसं मुस्तफाभाईंनी ठरवलं, या शुक्रवारी तंबू उतरवायचे. म्हणजे शेवटचा शुक्रवार. आणि दादानंही निर्वाणीचं सांगितलं होतं: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही. तुझं काही आलं नाही तर मी हो कळवून मोकळा होईन.

भाई खुंट्या उपटत होते, भाभी सतरंज्या झटकत होत्या. मालननं अनिकेतला तळ्याकाठी गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. स्थळ, पुणे, फ्लॅट, आजची संध्याकाळ.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मुलगा... बरा आहे का?"

"बरा आहे."

"मग काय कळवणार?"

"नाही म्हणायला कारण नाही माझ्याकडं." आणि ती त्याच्याकडे बघत थांबली. अगदी थांबलीच.

अनिकेत खाली बसला आणि त्यानं बूट काढून झटकला. बूट कोरडा ठणठणीत होता.

मालनचं डोकं फिरलं. आयसीयूत डॉक्टरांवरही जिचा आवाज कधी चढला नव्हता, ती तरातरा गेली, बग्गीवर बसली आणि अंगठ्यानं पट्टी कचकचून दाबली. बग्गी सुटली. मालननं या खेपेला ब्रेक मारला नाही. चाकाकडेही पाहिलं नाही. रागाच्या भरात तिनं फक्त समोर पाहिलं, आणि समोर तळं होतं.

आता तळं कसलं, मधोमध उरलेलं गुडघाभर पाणी आणि भोवती इडलीच्या पिठासारखा चिखल. बग्गी त्याच्या ऐन मध्यावर जाऊन बसली.

"उतरू नका," अनिकेत मागून ओरडला. "मी येतो." तो एका बुटानिशी धावला, मांडीपर्यंत रुतला, हात फिरवत तोल सावरू लागला, सावरला, आणि मग आडवा पडला. उठला तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळा मातीचा होता. तसाच बग्गीपर्यंत आला आणि हँडल धरून उभा राहिला. मालन सीटवर, तो चिखलात. जवळपास कुणी नव्हतं. पट्टी कुणी दाबत नव्हतं, बूट झटकायची सोय नव्हती.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवशी... ओहोटी नसते हे मला दोन मिनिटांत कळलं होतं. अहो, टाकीतली पातळी मोजणं हेच माझं काम. सवयीनं तोंडातून गेलं ते गेलं."

"मग सहा तास कशाला सांगितलेत?"

"तुम्ही सहा तास बसाल असं वाटलं."

मालन हँडलवरची माती नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "मुस्तफाभाईंची जीप त्या टेकाडामागंच होती. मी हाक मारली असती तरी ऐकू गेली असती."

"मग मारली का नाही?"

"घसा बसला होता माझा."

"तुम्ही तर दोन तास बोलत होतात."

"म्हणूनच बसला असेल..."

दोघंही पाण्याकडे बघू लागले. पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुमच्या दादांना कारण पाहिजे ना?" अनिकेतनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "नाही म्हणायला... मी कारण म्हणून चालेन का?"

मालनला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले ते तिला कळलंच नाही. "चालाल," ती म्हणाली. "पण आधी बाहेर या. असं मांडीपर्यंत रुतलेलं कारण बरं दिसत नाही."

बांधावर उभं राहिलं की दोन दांड्या रेंज येते, हे मालनला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आजवर तिनं तो बांध टाळला होता. आज ती आपण होऊन चढली. मागोमाग निथळत अनिकेत.

"दादा, पुण्याच्या माणसांना नाही सांग."

"कारण?"

मालननं शेजारी पाहिलं. कारण कानातला चिखल करंगळीनं काढत होतं.

"आहे. शेजारी उभं आहे."

तिकडे दादानं वहिनीला हाक मारल्याचं ऐकू आलं. मग दादा म्हणाला, "व्हिडिओ लाव."

पडद्यावर आधी दादा दिसला, मग वहिनीनं त्याच्या खांद्यावरून मान घातली, आणि खालच्या कोपऱ्यात मायच्या कपाळावरचं कुंकू दिसू लागलं. तिघं बारकाईनं बघत होते.

"ह्यात माणूस कुठाय?" दादानं विचारलं.

अनिकेतनं नमस्कार केला. हातांवरची वाळलेली माती खपलीसारखी गळून पडली. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

दादानं घसा खाकरून रीतसर सुरुवात केली. नाव काय, काम काय, किती वर्षं तिकडं, घरी कोण कोण. अनिकेत शाळेत उभं केल्यासारखा उत्तरं देत होता. मग दादा मुद्द्यावर आला. "बरं, आपले पाहुणे कुठले म्हणायचे?"

मालननं मोबाइल जरा हलवला. "आवाज तुटतोय दादा. रेंज नाही इथं."

दोन्ही दांड्या ठणठणीत उभ्या होत्या. वहिनी म्हणाली, "तुटतोय खरंच," आणि मालन त्या बाईला जन्मभर विसरणार नव्हती.

तेवढ्यात मायनं फोन ओढून घेतला. आता पडद्यावर नुसतं कपाळ. केजकडची माणसं पोरगी देताना जमीन नंतर विचारतात, घर त्याहून नंतर. मायनं उभं आयुष्य डोक्यावरून पाणी वाहिलेलं. तिनं तेच विचारलं.

"लेकरा, तुमच्या गावाला पाणी हाय का?"

"समोर समुद्रच आहे आई."

"समुद्र पितेत का?"

"नाही, नाही... विहीर आहे. परसात. बारा महिने गोडं पाणी."

"उन्हाळ्यात?"

"खाली जातं, पण आटत नाही."

"मग भरतं कोण?"

"पंप आहे."

"लाईट गेल्यावर?"

अनिकेत थांबला. मालनला वाटलं, आता हा बूट शोधणार. पण तो म्हणाला, "मी शेंदतो. मी नसलो की बाबा. आईचे गुडघे धरलेत, तिला आम्ही रहाटाला हात लावू देत नाही."

कपाळ हललं नाही. मालननं मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. बग्गीचं हँडलही तिनं कधी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

"नंदू," माय म्हणाली, "पुण्याच्या पाहुण्यास्नी कळव, जुळंना म्हणून."

"आगं पण कारण काय सांगू?"

"त्यांच्या बिल्डिंगीला टँकर येतो म्हणलेते की. सांग, पाण्याचं जुळंना."

फोन बहुधा मांडीवर ठेवला गेला, कारण आता पडद्यावर पंखा फिरू लागला. बंद करायचं मायला येत नसे. पंख्याखालून तिचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

"उंचीला बरा हाय. खोटं बोलत न्हाई. रंग तेवढा कळंना, सगळा राडा लागलाय अंगाला."

मालननं फोन बंद केला. अनिकेत तिच्याकडे बघत होता. पापण्यांवरसुद्धा माती, आणि त्या मातीतून दिसणारी भीती इतकी खरी, की तिनं ओढणीचं टोक धरून त्याचं कपाळ पुसलं. खाली थोडी गव्हाळ कातडी निघाली.

"म्हणजे... झालं?" त्यानं विचारलं. "जमलं?"

"आधी आंघोळ कर," मालन म्हणाली. "तिला रंग बघायचाय."